बस्ता बांधण्याआधी एक पान: वकिलाच्या ऑफिसातलं ज्ञान कामाला कसं आणावं

तीन वर्षांपूर्वी इनामी जमिनीच्या एका दाव्यात आम्हाला मुंतखब दाखल करायचा होता. निजामाच्या काळात इनामाची चौकशी होऊन जो निर्णय निघायचा, त्याचा हा कागद. सगळा उर्दूत. पक्षकाराने खेटे घालून नक्कल मिळवली, आम्ही भाषांतर करणारा शोधला, त्यात तीन आठवडे गेले. दोन तारखा नुसत्या वाढवून घेतल्या. दोन्ही वेळा पक्षकार अंबड तालुक्यातून एसटीने आला आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत गेला.

पुढे दिवाळीच्या साफसफाईत आमच्या मुन्शीकाकांनी, म्हणजे ऑफिसच्या कारकुनांनी, माळ्यावरचा एक जुना बस्ता (कापडात बांधलेला फायलींचा गठ्ठा) सोडला. आत तोच मुंतखब होता. त्याच गावाचा, त्याच इनामाचा, सोबत टाईप केलेलं मराठी भाषांतर. आमच्याच ऑफिसात दुसऱ्या एका पक्षकाराच्या कामासाठी २०११ साली ते करून घेतलं होतं. ज्या ज्युनियरने ते काम केलं त्याने नंतर बीडला स्वतःचं ऑफिस थाटलं. तो गेला आणि त्याच्याबरोबर 'हे आपल्याकडे आहे' ही माहितीही गेली.

ही गोष्ट मला फार लागली. पैशापेक्षा त्या माणसाच्या दोन खेपा लागल्या. त्यानंतर आम्ही ऑफिसात जे बदल केले, त्यातलं जे टिकलं ते इथे क्रमाने मांडतो. इंग्रजीत याला नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात आणि मोठ्या शहरांतल्या फर्ममध्ये त्यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्यासारख्या पाच वकील, दोन ज्युनियर, एक मुन्शी आणि एक टायपिस्ट एवढ्या ऑफिसात तसा विभाग परवडत नाही आणि लागतही नाही. पण उद्या जे विचारलं जाणार आहे तेवढंच जपायचं, हे मात्र आधी ठरवावं लागतं. सगळंच जपायला निघालेली तीन ऑफिसं माझ्या ओळखीची आहेत. तिन्ही ठिकाणी स्कॅनर घेतला, महिनाभर उत्साह टिकला आणि पुढे त्या फोल्डरांकडे कुणी फिरकलं नाही.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त प्रश्न लिहा

कपाट उघडू नका, सॉफ्टवेअर शोधू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि टायपिस्टच्या टेबलावर ठेवा. ऑफिसात कुणीही कुणालाही कामाचं काही विचारलं की प्रश्न त्या वहीत उतरवायचा: तारीख, कोणी विचारलं, कोणाला विचारलं, उत्तर मिळायला किती वेळ गेला.

आमच्या वहीत पंधरा दिवसांत जे आलं त्यातलं थोडं सांगतो. 'मनाई अर्जाचा चांगला नमुना कुठल्या फाईलला आहे?' 'हैदराबाद कुळकायद्याची जमीन आहे, विक्रीला परवानगी लागते का?' 'खासरा पाहणीची (जमिनीच्या कब्जाच्या जुन्या नोंदीची) नक्कल तहसीलला मिळते की कलेक्टर कचेरीत?' 'अपघाताच्या क्लेममध्ये ४२ वर्षांच्या माणसाला गुणक किती?' 'जुन्या ४३९ ला आता काय म्हणायचं?' 'सरांनी त्या मावेजाच्या (भूसंपादनाच्या मोबदल्याच्या) केसमध्ये विहीर कशी शाबीत केली होती?'

वही वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. निम्म्याहून जास्त प्रश्न पुन्हा पुन्हा तेच होते. आणि बहुतेक प्रश्न दोनच माणसांकडे जात होते, माझ्याकडे आणि मुन्शीकाकांकडे. आम्ही दोघं एकाच दिवशी ऑफिसात नसलो की काम थांबायचं. तुमच्याही वहीत असंच काहीसं निघेल. ती दोन-तीन माणसं कोण हे कळलं की कुठून सुरुवात करायची तेही कळतं.

दुसरी पायरी: बाजारात मिळत नाही ते आधी धरा

संहितेवरची भाष्यं दुकानात मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर फुकट वाचता येतात. त्यांचा साठा करण्यात ऑफिसची शक्ती घालवू नये. जे फक्त तुमच्याच ऑफिसात आहे, ते आधी घ्यावं.

मराठवाड्यातल्या वकिलासाठी ही यादी मोठी आहे, कारण आपल्या जमिनींचा इतिहास वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा मुंबईचा कुळकायदा लागतो, आपल्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा. संरक्षित कुळाच्या मालकीसाठी आपण कलम ३८-ई उघडतो, हस्तांतरणाच्या निर्बंधासाठी ५०-बी. इनामांसाठी १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा आणि १९५२ चा अतियात (इनामासारख्या देणग्यांच्या) चौकशीचा कायदा. पुण्यात शिकून आलेल्या हुशार ज्युनियरलाही ही कलमं पहिल्या दिवशी माहीत नसतात. यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलीच नसतात.

म्हणून आमचं पहिलं टिपण झालं 'जुना महसुली कागद कसा वाचावा'. त्यात चारच पानं आहेत. फसली सालात (जुन्या महसुली वर्षात) ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, पण फसली साल इंग्रजी वर्षाच्या मधेच सुरू होतं, म्हणून एक फसली साल दोन इसवी सनांत पसरलेलं असतं. उदाहरणार्थ १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा म्हणजे १९०७-०८ चा. खासरा पाहणीत कब्जेदाराचा रकाना कुठला, कुळाचा कुठला. १९५४-५५ च्या खासरापत्रकापासून आजच्या सातबारापर्यंत फेरफारांची साखळी कशी जोडायची आणि मधला एखादा फेरफार मिळाला नाही तर काय मागायचं. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम) आणि देवस्थान इनाम यांत फरक काय. टिपणाला एका खऱ्या खासरापत्रकाची नावं झाकलेली झेरॉक्स जोडली आहे, रकान्यांवर पेन्सिलीने आकडे टाकलेत.

हे टिपण लिहायला मला दोन रविवार लागले. आज नवा ज्युनियर आला की पहिल्या आठवड्यात ते वाचतो आणि नंतर माझ्याकडे त्याच्या पुढचे प्रश्न घेऊन येतो.

तिसरी पायरी: बस्ता बांधण्याआधी एक पान

साऱ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

केस निकाली निघाली की फाईल कपाटात जाते आणि त्या केसने शिकवलेलं त्याच दिवशी विसरायला सुरुवात होते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: निकालाची नक्कल हातात आल्यापासून सात दिवसांत, ज्याने केस चालवली त्याने एक पान लिहायचं. एकच पान, पाठपोट नाही. ते फाईलला लागल्याशिवाय मुन्शीकाका बस्ता बांधत नाहीत. दोरी त्यांच्या हातात दिली हे महत्त्वाचं. मी सांगितलं तर ज्युनियर 'उद्या करतो सर' म्हणतात. काका मात्र फाईल त्याच्याच टेबलावर ठेवून देतात, रोज सकाळी ती तिथेच असते.

पानाचं रूप कसं असतं ते एका मावेजाच्या केसवरून दाखवतो, ओळख पटेल ते वगळून:

*प्रकार:* भूसंपादन, कलम १८ चा (मोबदला वाढवून मागण्याचा) संदर्भ अर्ज, तलावासाठी संपादन.
*वादाचा मुद्दा:* जमीन जिरायत की बागायत. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नव्हती.
*काय चाललं:* पीकपाहणीत सलग चार वर्षं ऊस. कारखान्याच्या ऊस बिलाच्या पावत्या, कारकुनाची साक्ष. मोटारीचं वीजबिल पक्षकाराच्या वडिलांच्या नावे होतं, नातं रेशनकार्डावरून शाबीत केलं. कोर्टाने बागायत धरली.
*काय फसलं:* मोसंबीच्या झाडांचा मूल्यांकन अहवाल दाखल केला, पण मूल्यांकन करणाऱ्याला साक्षीला बोलावलं नाही. झाडांची मागणी गेली.
*पुढच्या वेळी:* मूल्यांकन करणाऱ्याचं साक्षीपत्रकात नाव पहिल्याच दिवशी घालायचं.
*मुदत:* याच गटात चुलतभावांची जमीन गेली आहे, त्यांनी १८ खाली अर्ज केला नव्हता. निकालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत कलम २८-अ चा (त्याच दराने मोबदला मागण्याचा) अर्ज. पक्षकाराला सांगितलं, त्याची सही घेतली.
*उलटतपासणी:* भूसंपादन अधिकाऱ्याला विचारलेले कामाचे सहा प्रश्न, निशाणी अमुक, पान अमुक.

या एका पानाने पुढच्या दोन वर्षांत आम्हाला चार केसमध्ये मदत केली. 'विहीर कशी शाबीत केली' हा प्रश्न आता माझ्याकडे येत नाही.

सगळ्यात अवघड रकाना 'काय फसलं' हा. सुरुवातीला सगळ्यांनी तो कोरा ठेवला किंवा 'काही नाही' लिहिलं. मला कळलं की ते घाबरतात, आणि घाबरणं रास्त आहे. सिनियरच्या ऑफिसात आपली चूक लिहून ठेवायची म्हणजे पुरावाच दिल्यासारखं. म्हणून पहिली तीन पानं मी माझ्या स्वतःच्या हरलेल्या केसची लिहिली. एका पानावर मी लिहिलं की प्रतिवादी वारल्यावर वारसाचा अर्ज द्यायला मी उशीर केला, दावा त्या प्रतिवादीपुरता आपोआप संपला आणि पुढे विलंबमाफीत आठ महिने गेले. ते पान शनिवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तिथून पुढे रकाने भरायला लागले. सिनियरने स्वतःपासून सुरुवात केल्याशिवाय ही पायरी चढता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

चौथी पायरी: नमुन्याची एकच मूळ प्रत

आपल्याकडे नवा दावा लिहायचा म्हणजे मागच्या फाईलची कॉपी काढून नावं बदलायची. त्यातून एकदा आमच्या कन्नडच्या दाव्यात चतुःसीमेत अंबड तालुक्यातला ओढा राहून गेला. समोरच्या वकिलांनी तो बरोबर पकडला आणि दुरुस्ती अर्जापायी एक तारीख गेली.

त्यामुळे प्रत्येक प्रकाराची एक मूळ प्रत करा. कुठल्याही पक्षकाराचं नाव नसलेली. जिथे भरायचं तिथे ठळक चौकट. आणि दर परिच्छेदाशेजारी, समासात, तो परिच्छेद का आहे ते एका ओळीत: 'हा मुदतीसाठी', 'हा कोर्टाच्या अधिकारक्षेत्रासाठी', 'प्रतिवादी ३ औपचारिक असेल तरच ठेवा'. ती ओळ वाचूनच ज्युनियर शिकतो, नुसत्या नमुन्याने तो फक्त टाईप करतो. आम्ही आठ नमुन्यांवर सुरुवात केली: वाटप, कायम मनाई, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, त्यावरचा से (म्हणणं), कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), जामीन, अपघात क्लेम, दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी). आज बावीस आहेत आणि तेवढे पुरतात.

इथे एक व्यवहारातली अडचण येते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. आपली पंधरा-वीस वर्षांची मराठी कागदपत्रं श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टांत आहेत. कॉम्प्युटरवर 'वहिवाट' शोधलं तर त्यातलं एकही सापडत नाही, कारण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. मूळ प्रती करायच्या तर त्या युनिकोडमध्येच. रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून नंतर माणसाने एकदा वाचावंच लागतं. सगळं जुनं बदलायला जाऊ नका. नमुने आणि टिपणं एवढंच बदला, आणि टायपिस्टला आजपासून नवं सगळं युनिकोडमध्ये टाईप करायला लावा. आमच्या टायपिस्टताईंना नवा कीबोर्ड हाताला बसायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात त्यांच्या मागे घाई केली नाही, म्हणून ते जमलं.

फौजदारी नमुन्यांकडे तर आत्ताच लक्ष द्या. १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष अधिनियम) आले आणि जुन्या नमुन्यांतले आकडे धोक्याचे झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जामिनाचं ४३७ आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८०, ४३९ आता ४८३. अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२. आणि जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ते आता ५२८. म्हणजे ४८२ हा आकडा दोन्हीकडे आहे आणि अर्थ साफ वेगळे आहेत. त्या तारखेआधीच्या घटनेला भारतीय दंड संहिताच लागते, प्रलंबित कामांसाठी कलम ५३१ पाहावं लागतं. म्हणून आमच्या जामीन नमुन्याची पहिली ओळ आहे: 'घटना कधीची? अर्ज कधीचा?' ही दोन उत्तरं लिहिल्याशिवाय खालचं भरायचं नाही.

पाचवी पायरी: निवाड्याच्या टिपणाला तपासल्याची तारीख

निवाड्याचं टिपण तीन-चार ओळींचं पुरे: प्रश्न काय होता, काय ठरलं, आपण कुठल्या केसला वापरला. त्याखाली दोन गोष्टी हव्याच, शेवटचं कधी तपासलं आणि कोणी.

कारण शिळं टिपण हे टिपण नसण्यापेक्षा वाईट. भूसंपादनात २०१३ च्या कायद्याच्या कलम २४(२) वर (जुनं संपादन कधी रद्द होतं यावर) पुणे महापालिकेचा २०१४ चा निवाडा आपण सगळे डोळे मिटून वापरत होतो. ६ मार्च २०२० ला इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात घटनापीठाने तो रद्दबातल ठरवला. वडिलोपार्जित मालमत्तेतल्या मुलींच्या वाट्याचंही तसंच. फुलवतीच्या निवाड्याचा आधार घेऊन लिहिलेल्या कैफियती ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने निरुपयोगी झाल्या, कारण ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट उरली नाही. ज्या ऑफिसात जुनं टिपण तसंच पडून राहिलं, तिथे ज्युनियर ते विश्वासाने घेऊन कोर्टात उभा राहतो आणि त्याची मान खाली जाते.

काही टिपणांना तर पुढची तारीख आधीच टाकता येते. अपघात क्लेमवरच्या प्रणय सेठीच्या ३१ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात मालमत्तेचं नुकसान (लॉस ऑफ इस्टेट) १५,०००, सहवासाचं ४०,००० आणि अंत्यविधीचे १५,००० असे आकडे ठरले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. म्हणजे त्या टिपणावर पुढच्या वाढीची तारीख लिहूनच ठेवायची. त्यालाच सरला वर्मा निकालातलं गुणकांचं (वयानुसार वार्षिक उत्पन्नाला कितीने गुणायचं त्याचं) कोष्टक जोडलंय. ४१ ते ४५ वयाला १४. वहीतला तो प्रश्न तिथेच मिटला.

निवाडा ओळखायला तटस्थ उद्धरण क्रमांक (कोर्टानेच निकालाला दिलेला क्रमांक) वापरा. आपल्या औरंगाबाद खंडपीठाच्या निकालांवर सन, मग बीएचसी-एयूजी आणि क्रमांक असतो, त्यामुळे कुठल्या रिपोर्टरात छापला याची शोधाशोध राहत नाही. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने निवाडा सुचवला तर तो अधिकृत संकेतस्थळावर उघडून, संबंधित परिच्छेद वाचूनच टिपणात घ्या. ही साधनं अस्तित्वात नसलेले निवाडे पूर्ण आत्मविश्वासाने देतात. आमच्याकडे मूळ निकाल न उघडता टिपणात काहीही चढत नाही.

सहावी पायरी: मुन्शीकाकांशेजारी बसा

आमचे मुन्शीकाका बत्तीस वर्षं कोर्टात आहेत. नकलेचा अर्ज कुठल्या वेळेला दिला तर त्याच दिवशी नोंदला जातो, अभिलेख कक्षात जुना गठ्ठा शोधायला दाव्याच्या क्रमांकाबरोबर निकालाची तारीख का लागते, समन्स बजावणीला पत्ता कसा लिहिला की बेलिफ परत येत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. एकाही पुस्तकात नाही.

मी त्यांना म्हणालो, 'काका, तुम्हाला जे माहीत आहे ते लिहून ठेवायचंय.' ते म्हणाले, 'बघू.' पुढचे दोन महिने काहीच झालं नाही. मग एका शनिवारी सुट्टी होती, मी चहा मागवला आणि शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, 'साहेब, सगळं लिहून दिल्यावर माझं काय काम राहणार?'

ही भीती खरी आहे आणि तिला खरं उत्तर द्यावं लागतं. मी त्यांना सांगितलं की ही वही तुमच्या नावाने राहील, तिच्यात बदल फक्त तुम्ही करणार, आणि नव्या मुलांना शिकवायचं काम पगारात धरलं जाईल. पुढच्या महिन्यापासून ते धरलं. त्यानंतर काकांनी बोलायला सुरुवात केली. त्यांच्या परवानगीने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला, एका ज्युनियरने उतरवून काढला, काकांना वाचून दाखवला. त्यांनी तीन ठिकाणी 'असं नाही, असं' म्हणून दुरुस्त केलं. सहा शनिवारांत चाळीस पानांची वही झाली. वर लिहिलंय 'कचेरीची कामं' आणि खाली त्यांचं नाव.

कचेरीतल्या कुणाही माणसाचं नाव किंवा 'त्याला काय द्यावं लागतं' असलं काही त्या वहीत नाही. ते लिहायचं नाही आणि करायचंही नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

सातवी पायरी: ठेवायचं कुठे

यावर फार वेळ घालवू नका. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चार फोल्डर: टिपणं, नमुने, एक-पानं, कचेरीची कामं. फाईलच्या नावाची एकच रीत, वर्ष-प्रकार-तालुका-मुद्दा. '२०२३-भूसंपादन-माजलगाव-बागायत' असं नाव असलं की न उघडता कळतं. न्यायालयीन केसला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो एक-पानावर टाका, म्हणजे ई-कोर्ट्सवरची पुढची वाटचाल लगेच सापडते. दर शुक्रवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा आणि ती डिस्क ऑफिसात ठेवू नका.

स्कॅन फक्त दुर्मिळ कागदांचं करा: उर्दू आणि मोडी कागद, मुंतखब, जुनी खासरापत्रकं. सोबत भाषांतर, ते कोणी केलं, मूळ नक्कल कुठल्या कचेरीतून कधी मिळाली. बाकी बस्ते माळ्यावर राहू द्या. मुन्शीकाकांच्या हाताची नोंदवही मात्र पाहिजेच. वीज गेल्यावर तीच उघडते.

आठवी पायरी: पक्षकाराचं गुपित आणि ऑफिसचं ज्ञान वेगळं ठेवा

पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं उघड करता येत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये तो बंध आहे, जुन्या कायद्यात तो १२६ मध्ये होता. आपल्या भागात एका गावातले दोन भाऊबंद वेगवेगळ्या वेळी एकाच ऑफिसात येतात, त्यामुळे हा प्रश्न कागदावरचा नाही.

आमची रीत साधी आहे. सरकारी दप्तरातून मिळालेला कागद, जसा तो मुंतखब, आणि कायद्याचं टिपण सगळ्यांसाठी. पक्षकाराने सांगितलेली हकीकत, त्याची पत्रं, तडजोडीचे आकडे फक्त त्याच्या फाईलमध्ये. एक-पानात नाव, गट क्रमांक, आधार क्रमांक येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पीडितेची ओळख लागेल असं काहीच लिहायचं नाही, गाव आणि नातंसुद्धा नाही. न्याय संहितेच्या कलम ७२ ने ती उघड करणं गुन्हाच आहे. आणि टिपणं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाहीत. ज्युनियर ऑफिस सोडून जातो तेव्हा त्याने स्वतः लिहिलेली कायद्याची टिपणं त्याला प्रेमाने बरोबर द्या, पक्षकारांचे कागद नाही.

नववी पायरी: वापर झाला का ते मोजा

किती टिपणं जमली हे मोजू नका. ती कोणी, कधी उघडली आणि त्यामुळे किती वेळ वाचला ते मोजा. प्रत्येक टिपणाच्या शेवटी आम्ही एक कोरी जागा ठेवतो. ज्याने वापरलं त्याने तारीख आणि एक ओळ लिहायची: 'एक दिवस वाचला', 'से लगेच दाखल झाला', 'मुद्दा ३ अपुरा आहे'. तीन महिन्यांनी या ओळी वाचल्या की कुठलं टिपण सोन्यासारखं आहे आणि कुठलं उगाच आहे ते दिसतं.

सिनियरने स्वतःला एक सवय लावावी. ज्युनियर प्रश्न घेऊन आला की उत्तर देण्याआधी विचारावं, 'टिपण पाहिलंस का?' नसेल पाहिलं तर पाहून ये म्हणावं. पाहिलं असेल आणि उत्तर मिळालं नसेल तर उत्तर द्यावं आणि त्याच्याकडूनच टिपणात ती ओळ घालून घ्यावी. मला ही सवय लागायला वर्ष गेलं, कारण पटकन उत्तर देणं सोपं असतं आणि बरंही वाटतं.

टिपण लिहिण्याचा वेळ ज्युनियरच्या मानधनात धरा. फुकट, रात्री घरी जाऊन लिहायला सांगितलं तर ते मनापासून होत नाही आणि तशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. आमच्याकडे महिन्यातून दोन दुपारी फक्त यासाठी आहेत.

आणि याचा फायदा पक्षकारापर्यंत पोचला पाहिजे. प्रश्नांच्या वहीतूनच आम्ही 'येताना काय आणावं' अशी साध्या मराठीतली पानं केली, वाटपाला वेगळं, मावेजाला वेगळं, अपघाताला वेगळं. ऑफिसात आलेल्या पक्षकारालाच ती देतो, जाहिरातीसारखी सगळीकडे वाटून देत नाही, तसं करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. किनवटहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला 'आठ-अ चा उतारा राहिला, परत या' असं सांगण्याची वेळ आता क्वचित येते.

दहावी पायरी: उन्हाळी सुट्टीत झाडून काढा

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की दोन दिवस सगळ्यांनी बसायचं. टिपणं आपसांत वाटून घ्यायची, स्वतः लिहिलेलं स्वतःकडे ठेवायचं नाही. प्रत्येक निवाडा अजून उभा आहे का ते पाहायचं, नमुन्यातली कलमं पुन्हा ताडायची, वर्षभरात कुणीही न उघडलेलं टिपण 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचं. गेल्या मे महिन्यात आमची एकतीस टिपणं तिकडे गेली, त्यातली नऊ माझी होती. चौदा नवी लिहायची ठरली आणि कोणी, कधीपर्यंत, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. अंबडच्या त्या मुंतखबाचं भाषांतर एका सेवानिवृत्त उर्दू शिक्षकांकडून पुन्हा तपासून घेतलं, त्यांनी दोन शब्द दुरुस्त केले, आणि नोंदवहीत त्याच्यासमोर मुन्शीकाकांनी कपाट क्रमांक आणि बस्ता क्रमांक लाल शाईने लिहिला.